डॉमिनिकात चौदा खोल्यांची इमारत स्वस्तात मिळतेय, घ्यावी का?

वाशिष्ठीकाठ | सोम, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, फार तर माशांच्या धाग्यावर हात मारतो. आज जरा मोठा प्रश्न घेऊन आलोय.

माझा मावसभाऊ बार्बाडोसला शिक्षक आहे, बारा वर्षं झाली. जवळच्या डॉमिनिका बेटावर एक तयार इमारत त्याच्या मनात भरलीय. चौदा खोल्या, प्रत्येकीला ओटा आणि न्हाणीघर, समुद्र पाच मिनिटांवर. पर्यटकांना भाड्याने द्यायची. निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे. माझं चिपळुणात लॉज आहे, म्हणजे धंदा माहितीतला, फक्त समुद्र दुसरा. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं, एखादं शून्य लिहायचं राहिलं नाही ना म्हणून. वर दलालाने गाजर दाखवलंय की घर घेतलं की पासपोर्टही मिळतो.

तिथे चोऱ्यामाऱ्या किती? वादळाचं काय? पैसे अडकले तर सुटतात का? बायकोचं मत सांगून ठेवतो: "२०२१ ला तळमजला नदीत घातलात, आता उरलेलं समुद्रात घाला."

जाणकारांनी इस्कटून सांगावे.

खारे_शेंगदाणे | सोम, रात्री १०.५८

आमच्या ऑफिसातले दोघं गेले होते हनिमूनला. पुंता काना. एकदम झकास, पांढरी वाळू, खाणंपिणं सगळं पॅकेजात. घ्या डोळे झाकून.

दर्यावर्दी | सोम, रात्री ११.२०

खारे, ते डॉमिनिकन रिपब्लिक. हा देश वेगळा. लोकांच्या बॅगाच काय, कुरिअरसुद्धा चुकून तिकडे जातं, तेव्हा वाशिष्ठीकाठ यांनी पत्ता लिहिताना पुढे 'कॉमनवेल्थ ऑफ' लावायची सवय आत्तापासूनच करावी.

मी बोटीवर होतो, राजधानी रोझोच्या बंदरात चार-पाच वेळा लागलोय. बेट साधारण ७५० चौ.कि.मी., बृहन्मुंबईपेक्षा थोडं मोठं. माणसं सगळी मिळून सत्तर हजारांच्या आसपास. भाषा इंग्रजी, आपापसात क्रेओल. एका बाजूला ग्वादलूप, दुसऱ्या बाजूला मार्टिनिक, दोन्ही फ्रान्सची. पांढरी वाळू जवळजवळ नाहीच, काळी आहे, आणि मागे लगेच डोंगर उभा. आतल्या डोंगरात पाऊस आपल्या आंबोलीला लाजवील असा. म्हणून तिथे येणारा पर्यटक निराळा असतो: डोंगर चढणारा, पाण्यात बुडी मारणारा, आणि शनिवार-रविवारी फेरीबोटीने येणारा मार्टिनिकचा फ्रेंच. क्रूझचे हजारो उतरतात, पण संध्याकाळी बोटीवर परत. त्यांचा तुमच्या खोल्यांना उपयोग शून्य.

माल सगळा बाहेरून. खिळ्यापासून कोंबडीपर्यंत. मोठा भाग मायामीहून किंवा दुसऱ्या एखाद्या बंदरात उतरवून पुन्हा छोट्या बोटीत चढवून येतो. नळाचा वॉशर गेला तर महिनाभर पाणी टपकतं.

इमारत नेमकी कुठे आहे? गाव सांगा.

वाशिष्ठीकाठ | मंगळ, सकाळी ७.१५

उत्तरेला, पोर्टस्मथजवळ. पिकार्ड म्हणून भाग आहे.

दर्यावर्दी | मंगळ, सकाळी ८.०५

कळलं. शून्य राहिलेलं नाही.

पिकार्डला चाळीसेक वर्षं रॉस नावाचं अमेरिकन वैद्यकीय विद्यापीठ होतं. शेकडो विद्यार्थी, बरेचसे अमेरिकेतले, खिशात कर्जाचे का होईना डॉलर. आख्खं गाव त्यांच्यावर उभं होतं. ओळीने खोल्या, खानावळी, धोबी, टॅक्सी, रात्री दोन वाजता ऑम्लेट देणाऱ्या टपऱ्या. लोकांनी बँकेचं कर्ज काढून वरचे मजले चढवले. भाडेकरू दर सत्राला नवा, भाडं डॉलरमध्ये, रिकामी खोली माहीतच नव्हती.

१८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया आलं. पाचव्या श्रेणीचं, वारा ताशी २६० कि.मी.च्या वर. विद्यापीठाने सत्र बुडू नये म्हणून वर्ग आधी सेंट किट्सला नांगरलेल्या एका मोठ्या बोटीवर भरवले, मग अमेरिकेत टेनेसीला नेले. परत येणार, परत येणार असं गाव म्हणत राहिलं. २०१९ पासून ते बार्बाडोसला गेलं. कायमचं.

तुमच्या चौदा खोल्या, प्रत्येकीला ओटा आणि न्हाणीघर, ही पर्यटकांसाठी बांधलेली वास्तू नाही हो. होस्टेल आहे ते. मावसभाऊ ज्या बार्बाडोसला राहतो तिथेच त्याचे भाडेकरू निघून गेलेत.

खारे_शेंगदाणे | मंगळ, सकाळी ८.२२

🙏 मी आता फक्त वाचतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वाशिष्ठीकाठ | मंगळ, सकाळी ९.४०

दर्यावर्दी, हे दलालाने सांगितलं नव्हतं, आणि भावानेही नाही. भावाला माहीत असणार. संध्याकाळी फोन करतो.

पण मला एक सांगा, विद्यापीठ गेलं तरी समुद्र तर तिथेच आहे ना? पर्यटकांवर चालणारच नाही का?

हिशेबनीस | मंगळ, दुपारी १.३०

चालेल की नाही हे नंतर. आधी वादळात काय होतं ते बघू, कारण आकडा दोनच ओळींचा आहे. २०१५ च्या ऑगस्टात एरिका नावाचं वादळ आलं. ते तर हरिकेनसुद्धा नव्हतं, नुसता पाऊस. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ९० टक्के नुकसान. पेतीत सावान नावाचं गाव दरडींमुळे कायमचं उठवावं लागलं, विमानतळात पाणी घुसून तो काही आठवडे बंद. दोनच वर्षांनी मारिया: नुकसान सुमारे १.३ अब्ज डॉलर, म्हणजे वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के. दहातल्या नऊ घरांना फटका. खुद्द पंतप्रधान स्केरिट यांच्या घराचं छप्पर उडालं आणि त्यांना वाचवावं लागलं.

कॅरिबियन देशांनी मिळून २००७ मध्ये एक सामायिक विमा काढलाय. वाऱ्याचा वेग आणि पावसाचे आकडे ठरलेल्या रेषेवर गेले की सर्वेयर न पाठवता पैसे देतात. मारियानंतर दोन आठवड्यांत डॉमिनिकाला सुमारे १.९ कोटी डॉलर मिळाले. वेळ उत्तम. पण १.३ अब्जाच्या समोर ते दीड टक्का. बाकीचं देणगी, कर्ज, आणि परदेशी लोकांना पासपोर्ट विकून. तेव्हा सरकार मदत करील हे गृहीत धरून हिशेब मांडू नका. सरकारचंच छप्पर गेलेलं असतं.

आता तुमचा विमा. तिकडे दोन कलमं माणसाला मारतात. पहिलं, वादळासाठीची कपात नुकसानीवर मोजत नाहीत, विम्याच्या एकूण रकमेवर मोजतात. दोन टक्के हा नेहमीचा दर. दुसरं, कमी रकमेचा विमा काढला तर भरपाईही त्याच प्रमाणात कापतात. समजा इमारत पुन्हा बांधायला चार लाख लागतील आणि हप्ता वाचवायला तुम्ही दोन लाखांचाच विमा काढलात. छप्पर गेलं, एक लाखाचं नुकसान. तुम्ही म्हणाल, दोन लाखांच्या आत आहे, मिळेल. मिळतील पन्नास हजार. त्यातून कपातीचे चार हजार गेले. आणि 'पुन्हा बांधायला' म्हणजे वादळानंतरच्या भावाने, जेव्हा आख्खं बेट एकाच वेळी पत्रे मागत असतं.

स्वस्तात घेतलेल्या इमारतीचा हा सापळा आहे. खरेदीकिमतीचा विमा काढावासा वाटतो.

वाशिष्ठीकाठ | मंगळ, दुपारी २.१०

वाचून अंगावर काटा आला. २२ जुलै २०२१ ला आमचा तळमजला पंख्यापर्यंत पाण्यात होता. गाद्या, टीव्ही, फ्रीज, सगळं. विमा होता. सर्वेयर आला आणि खरेदीची बिलं मागायला लागला. बिलं त्याच कपाटात होती, जे पुरात गेलं. शेवटी काय मिळालं ते इथे लिहीत नाही, आई वाचते.

निसर्गग्रस्त | मंगळ, दुपारी ४.४५

आयडीवरून कळलं असेलच, मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात दोन तासांत बाग साफ आणि घराचे पत्रे शेजाऱ्याच्या विहिरीत. त्यानंतर छपरं हा माझा छंद झालाय, तेव्हा तेवढ्यापुरतं बोलतो.

चार बाजूंनी उतार असलेलं छप्पर वाऱ्याला तोंड देतं, दोन पाख्यांचं कमी, आणि सपाट उताराचा पत्रा म्हणजे पतंग. वासा भिंतीवरच्या पाटाला खिळ्याने नव्हे, जस्ताच्या पट्टीने जखडलेला हवा. स्क्रू हवेत, खिळे नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पडवीचं पाखं मुख्य छपराशी सलग नको. वारा पडवीखाली शिरतो, वर उचलतो, आणि सलग असेल तर पडवी जाताना सगळं घेऊन जाते. वेगळं असेल तर पडवी एकटी जाते. आमच्याकडे हे कळायला निसर्ग यावं लागलं. डॉमिनिकात मारियानंतर सरकारने बांधकामाचे नियम असेच कडक केले असं वाचलंय.

"छप्पर नवीन घातलंय" एवढ्यावर जाऊ नका. २०१७ च्या डिसेंबरात घाईने घातलेलं की नंतर नियमाने घातलेलं, हे विचारा.

गच्चीवरचे_क्रिकेट | मंगळ, रात्री ९.००

मी प्रत्यक्ष जाऊन आलोय हो! जुलै २०२३, विंडसर पार्क, रोझो. आपल्या यशस्वी जयस्वालचं पदार्पणात १७१, अश्विनचे बारा बळी, डावाने विजय, आणि कसोटी तिसऱ्याच दिवशी खलास. दोन दिवस मोकळे मिळाले.

चोऱ्यामाऱ्यांचं विचारलंय म्हणून सांगतो, रात्री चालत हॉटेलवर यायचो, कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. उलट भारतीय म्हटल्यावर एका आजीबाईंनी लशीबद्दल आभार मानले. कोविडात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, आपण सत्तर हजार डोस भेट दिले होते. लस बनलेली पुण्यात, मांजरीला, आणि आभार घेतले मी, डोंबिवलीकराने.

भीती वाटली ती डोंगरात. बॉइलिंग लेकला गेलो होतो. लॉदा गावातून चालायला लागायचं, जाऊन येऊन सहा-सात तास, शेवटी उकळत्या पाण्याचं करड्या रंगाचं तळं. वाफ ओसरली की बुडबुडे दिसतात. येताना पाऊस लागला. सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला ओढा कमरेएवढा झाला. वाटाड्या शांतपणे दगडावर बसला आणि म्हणाला, थांबायचं. पावणेदोन तास थांबलो. आमच्यातला एक शहाणा "पोहून जाऊ" म्हणत होता. वाटाड्या नसता तर गेला असता आणि पेपरात आलं असतं. पाहुण्यांना वाटाड्याशिवाय सोडू नका, ही तुमच्या धंद्यातली पहिली पाटी.

अवांतर: लष्करी ठिपक्यांचे कपडे तिथे नागरिकांना बंदी आहेत. माझी ट्रेकची पँट बॅगेतच राहिली.

अटलांटिकपार | मंगळ, रात्री ११.३५

मी त्रिनिदादला असते. इथे डिसेंबर २०२४ च्या अखेरीस टोळीयुद्धामुळे आणीबाणी लावली होती, तेव्हा आख्ख्या कॅरिबियनला एकाच मापाने मोजू नये. डॉमिनिका त्या मानाने शांत आहे.

प्रवासाचं सांगते. भारतीय पासपोर्टला डॉमिनिकाचा व्हिसा लागत नाही, पण तिथे पोचायला मधे जिथे उतराल तिथला लागू शकतो. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा हवाच. लंडनमार्गे बार्बाडोस आणि तिथून छोटं विमान, हा रस्ता बरा. पण ही छोटी विमानं म्हणजे आपली एसटी समजा, आली तर आली. आधीची लियाट कंपनी २०२० मध्ये बुडाली तेव्हा बेटंच्या बेटं तुटली होती. मधे एक दिवस हातचा ठेवा.

त्रिनिदादमार्गे येणार असाल तर पीतज्वराची लस आधी घ्या, निदान दहा दिवस. नाहीतर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. माझ्या सासऱ्यांची तशी वारी झालीय. आपली वकिलात डॉमिनिकात नाही, तिथला कारभारही पोर्ट ऑफ स्पेनमधूनच चालतो. पासपोर्ट हरवला की समुद्र ओलांडून काम.

पोराची_आई | बुध, सकाळी १०.१५

माझा मुलगा रोझोला मेडिकलला होता. दुसऱ्या वर्षी आजारी पडला, तिथल्या डॉक्टरांनी मनापासून केलं, पण एका तपासणीसाठी बाहेर न्या म्हणाले. सगळ्यात जवळ मार्टिनिक, समोर दिसतं. पण ते फ्रान्स. आणि नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही, त्यावर तसा वेगळा शेरा लागतो. माझ्या मुलाकडे ना तो ना हा. शेवटी बार्बाडोसला नेलं. विमान-रुग्णवाहिकेचा खर्च विम्यात आहे का, ही ओळ मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. तुम्ही आधी वाचा. तुमच्या पाहुण्यांनाही विचारत जा.

पक्षकार | बुध, दुपारी १२.५०

पासपोर्टच्या गाजराबद्दल. डॉमिनिका १९९३ पासून गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देते. पण घर घेऊन मिळवायचं तर ते सरकारमान्य प्रकल्पातलंच लागतं, आणि किमान रक्कम दोन लाख डॉलर. कुणाचंही जुनं होस्टेल घेऊन पासपोर्ट मिळत नाही. दलाल एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतोय. शिवाय तो घेतलात की भारतीय नागरिकत्व संपलं, आपल्याकडे दुहेरी चालत नाही. त्या पासपोर्टाची किंमतही उतरतेय, ब्रिटनने जुलै २०२३ मध्ये डॉमिनिकावाल्यांना व्हिसा लावला. मेहुल चोक्सी २०२१ च्या मे महिन्यात अँटिग्वातून नाहीसे होऊन याच बेटावर सापडले होते, तेव्हा आपल्या वाहिन्यांना हे बेट नकाशावर सापडलं.

पासपोर्ट विकून आलेल्या पैशातून तुमच्या शेजारी, कॅब्रिट्सला, मोठं पंचतारांकित हॉटेल उभं राहिलंय. माझं आपलं मत: ज्या खोल्या पासपोर्ट विकण्यासाठी बांधल्या गेल्या, त्यांना भाड्यातून भांडवल फेडायची घाई नसते. मंदीत ते भाव पाडतील. तुम्ही पाडू शकाल का?

आता जमीन. परदेशी माणसाला राहण्यासाठी एक एकर, धंद्यासाठी तीन एकरांपर्यंत परवान्याशिवाय घेता येते. तुमची त्यात बसेल. पण तिथेही आपल्यासारखी सामायिक मिळकत असते, 'फॅमिली लँड' म्हणतात. आजोबांच्या नावावर जमीन, नातवंडं लंडन-न्यूयॉर्कला, आणि विकणारा एकटाच हजर. कोकणातल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायला नको. मालकीचं नोंदणी प्रमाणपत्र आपल्या वकिलाकडून तपासा. विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडून नाही.

आणि रस्ता. हे मी मुद्दाम सांगतो. दानियेल लांगलुआ हे कॅनडाचे, थ्री-डी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधले मोठे नाव. त्यांनी बेटाच्या दक्षिणेला पर्यावरणस्नेही रिसॉर्ट उभारलं, मारियानंतर गावांना मदत केली. रिसॉर्टकडे जाणारा रस्ता शेजारच्या मळ्यातून जायचा, त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जा. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला लांगलुआ आणि त्यांच्या जोडीदार जळालेल्या गाडीत मृत सापडले. खुनाचा आरोप ज्यांच्यावर ठेवला गेला त्यांत तो शेजारीही आहे. तोही परदेशीच. चोराची भीती विचारलीत, म्हणून सांगितलं. वहिवाटीचा रस्ता कागदावर आहे का?

हिशेबनीस | बुध, दुपारी १.२५

पक्षकार यांच्या रस्त्याच्या मुद्द्याला +१. माझ्या मनात हेच घोळत होतं. या बेटावर प्रत्येक गोष्ट एकच आहे. एक मोठा भाडेकरू होता, गेला. पासपोर्ट हा सरकारचा मोठा आधार. मोठ्या विमानांचं विमानतळ अजून वेस्लीला बांधताहेत. केळी होती, तर युरोपने सवलत काढली आणि बागा ओसाड पडल्या. आपल्याकडे चिपळूण बुडालं तर सातारा असतो. तिथे सातारा नाही.

स्विफ्टकोड | बुध, संध्याकाळी ६.१०

पैशांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

चलनाची काळजी नको, पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून अमेरिकी डॉलरला २.७० ला बांधलेला आहे. काळजी बँकेची. कॅनडाच्या ज्या मोठ्या बँका पिढ्यान्‌पिढ्या तिथे होत्या त्या गेल्या काही वर्षांत निघून गेल्या. मोठ्या अमेरिकी बँकांना या बेटांशी व्यवहार म्हणजे तपासणीचा खर्च जास्त आणि धंदा कमी. परिणाम: खातं उघडायला कागदांचा ढीग, आणि बाहेरून पैसे येताना "हे कशाचे?" म्हणून मधेच थांबतात. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर भरलेलं हॉटेलही पगार चुकवील.

इकडून पाठवताना माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि दहा लाख रुपयांच्या वर २० टक्के कर आधीच कापून घेतात. विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. आणखी एक मेख: परदेशातली मालमत्ता तिथे राहणाऱ्याबरोबर दोघांच्या नावावर घ्यायची तर तो 'नातेवाईक' लागतो, आणि कायद्यातल्या यादीत मावसभाऊ नाही. सख्खा असता तर बसला असता. सीएला आधी गाठा.

खारे_शेंगदाणे | बुध, संध्याकाळी ६.१८

मावशी ऐकेल तर रडेल.

वाशिष्ठीकाठ | गुरु, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. इतकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

भावाशी बोललो. विद्यापीठाचं त्याला माहीत होतं. म्हणाला, "म्हणून तर स्वस्त आहे." थोडं वाजलं. मग मी हा आख्खा धागा त्याला वाचून दाखवला, पडवीसकट. विमा खरेदीकिमतीचाच धरला होता त्याने. रस्त्याचं विचारलं तर म्हणाला, मागच्या वाडीतून जातो, म्हातारा चांगला आहे. म्हातारा चांगला आहे, हे काय खरेदीखतात लिहितात का?

तूर्त खरेदी नाही. मी म्हटलं, मालकाला विचार, चार खोल्या वर्षभर भाड्याने देतो का. चालवून बघू. आणि बघायला मी सप्टेंबरात जाणार, भर वादळाच्या दिवसांत. दलाल फेब्रुवारीत या म्हणतोय. चिपळूण दाखवायला आम्हीपण लोकांना डिसेंबरातच बोलावतो.

आत्ताच भावाचा मेसेज आला, मालक आणखी वीस हजार डॉलर सोडायला तयार आहे. आता मला जास्तच भीती वाटायला लागलीय.

निसर्गग्रस्त | गुरु, रात्री १०.०५

जाल तेव्हा खोल्या नंतर बघा. आधी माळ्यावर चढा आणि वासा भिंतीला टेकतो तिथला फोटो टाका इथे. पट्टी आहे की खिळा, लगेच सांगतो.